कपाटातली ओल: कॅल्शियम क्लोराइडचा डबा की सिलिका जेल?

वाशी-नेरूळला खाडीचं वारं, त्यात जुलैचा पाऊस. कपाट उघडलं की कुबट वास, आणि चामडी पट्ट्यावर पांढुरकी बुरशी. (डांबरगोळ्या कसरीसाठी असतात, त्या ओल शोषत नाहीत.)

कॅल्शियम क्लोराइड भलतंच आधाशी. हवेतलं बाष्प ओढता ओढता दाणे स्वतःच विरघळतात आणि डब्याच्या खालच्या कप्प्यात पाणी साचतं. कपड्यांच्या मोठ्या वॉर्डरोबला माझं मत यालाच. मात्र ते पाणी म्हणजे दाट खारं द्रावण. डबा कलंडला की बिजागऱ्या गंजतात, चामडं खराब होतं, आणि प्लायवर पडलेला चिकट डाग पावसाळाभर सुकत नाही, कारण तोही हवेतली ओल ओढतच राहतो. म्हणून डबा सपाट तळाशी ठेवावा. याच दाण्यांची लटकती पिशवी पैठणीच्या शेजारी तर नकोच. दाणे संपले की नवा डबा, म्हणजे खर्च दर वर्षी.

सिलिका जेल (नव्या बुटांच्या खोक्यातल्या छोट्या पुड्यांत असतात ते दाणे) ओल धरतं पण पाणी सोडत नाही, त्यामुळे कॅमेरा, कागदपत्रं, दागिने यांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात तेच हवं. यातले रंग बदलणारे नारिंगी दाणे ओल भरून हिरवे झाले की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतात. मोठ्या कपाटात मात्र चार पुड्यांनी काही होत नाही.

कपाटामागे बाथरूमची भिंत झिरपत असेल, तर दोन्हींचे पैसे वाया. आधी प्लंबर बोलवा.