८×४२ ची दुर्बीण: नाथसागरावर पुरते का?

आधीच सांगून टाकतो, पक्षी बघायला पहिलीच दुर्बीण घेताय आणि बजेट दहा हजारांच्या आसपास आहे तर डोळे झाकून ८×४२ घ्या, १०×५० च्या नादी लागू नका, आणि बाजारात ते ३०×६० लिहिलेलं लाल काचेचं मिळतं ना, ते कुणी फुकट दिलं तरी नको. माझ्या दुर्बिणीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, या किमतीत बऱ्याच कंपन्यांचा माल उन्नीस-बीसच असतो.

आकड्यांचं गणित सोपंय. ८ म्हणजे आठपट जवळ दिसतं, ४२ म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ नं भागलं की सव्वापाच येतात, तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा गोल डोळ्यात पोचतो, म्हणून फटफटायच्या वेळी सगळं करडं करडं असतं तेव्हाही बदकाच्या डोक्याचा रंग कळतो. ३०×६० ला हाच हिशोब लावा, जेमतेम २ येतात, आणि तेही छापलेला आकडा खरा असला तर! वरून ती लाल कोटिंगची काच, सगळं हिरवट दिसतं, पक्ष्याचा रंगच ओळखू येत नाही मग बघायचं काय.

आमच्या संभाजीनगर शहरात ही दुर्बीण एकदम फिट बसते. पावसाळा सरला की विद्यापीठाच्या परिसरात पांढरे-पिवळे धोबी शेपट्या हलवत फिरायला लागतात, मग थिरथिरा येतो, आणि हिमायतबागेत झाडांच्या शेंड्यांवर ते इवलेसे पर्णवटवटे, जे एका जागी दोन सेकंद बसतील तर शपथ. तिथं मोठा झूम कामाचा नाही, नजरेचा पट्टा रुंद पाहिजे. ८ मध्ये हजार मीटरवर साधारण सव्वाशे मीटर रुंदीचा तुकडा दिसतो, १० मध्ये तो आक्रसतो आणि हाताची थरथर पण आठऐवजी दहापट मोठी होते, मानेला रग लागेपर्यंत फांदी शोधत बसायचं नि पक्षी केव्हाच उडालेला. सलीम अली सरोवराच्या कडेनं पण हीच पुरते, तळं काही फार मोठं नाही. भोरड्यांसाठी, म्हणजे गुलाबी मैनांसाठी, तर दुर्बीण लागतच नाही, ज्वारीच्या रानावरून थवा वळला की साध्या डोळ्यांनीच बघावा.

आता नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय. मुंबईची मंडळी शिवडीच्या फ्लेमिंगोंचे फोटो टाकत असतात, आपल्याला समुद्र नाही हे मान्य, पण १९८६ ला अभयारण्य झालेला ३४१ चौरस किलोमीटरचा परिसर आहे की, काठावर उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसत नाही काही ठिकाणी. आणि इथंच ८×४२ ची खरी परीक्षा होते. धरण भरलेलं असलं, म्हणजे ऑक्टोबरात बहुतेक असतंच चांगला पाऊस झाला तर, पाणी पार शेताच्या बांधापर्यंत येतं, चिखल उघडा पडत नाही त्यामुळे चिखलात चोच खुपसणारे तुतारी, पाणटिवळे वगैरे कमी, आणि बदकं लांब मधोमध बसलेली. तेव्हा आठपट काय नि दहापट काय, ठिपके ते ठिपकेच. तलवार बदकाची लांब टोकदार शेपटी कळते, थापट्याची फावड्यासारखी चोच कळते, चक्रवाकाचा भगवा रंग तर कुठूनही कळतो, पण बाकीची बदकं नुसती ‘बदकं’ म्हणून वहीत लिहावी लागतात. त्या अंतराला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्यानं बघायची जास्त ताकदीची दुर्बीण, आणि ट्रायपॉडच पाहिजे, तो खर्च वेगळाच.

पाणी ओसरलं, गाळपेर सुरू झाली की चित्र बदलतं. पट्टकादंब हंस कोवळ्या पिकात चरायला काठावर येतात तेव्हा डोक्यामागचे दोन काळे पट्टे ८ मधून लख्ख दिसतात. हिमालय ओलांडून आलेला पक्षी हरभऱ्यात उभाय, शेतकरी दादांना त्याचं कौतुक थोडं कमीच असतं, ते साहजिक आहे. मंगोलियात संशोधक काही हंसांच्या मानेला नंबराचा पट्टा घालतात, तो पट्टा आहे एवढं दिसू शकतं, पण नंबर वाचायला परत स्कोपच.

वेळेचं पण सांगतो. पैठणच्या बाजूनं सकाळी सूर्य पाठीशी असतो, संध्याकाळी तोंडावर. साडेनऊ-दहा नंतर ऑक्टोबर हीटमध्ये पाण्यावरची हवा लकलक करायला लागते, मग पन्नास हजाराची काच असली तरी चित्र थरथरणारच, दुर्बिणीला शिव्या देऊ नका, चहा प्यायला जा. आणि धरणाच्या भिंतीजवळ ती गळ्यात लटकवून हिंडू नका, विचारपूस होणारच. काठावरच्या गावात वेगळीच गंमत, दुर्बीण दिसली की कुणीतरी जवळ येऊन विचारतंच, "सर्वे चालूय का साहेब, परत जमीन जायलीय का?" धरणात गावंच्या गावं गेलेल्या माणसांचा प्रश्न आहे तो, हसू नका, दुर्बीण त्यांच्या हातात द्या, दोन मिनिटांत ते तुम्हाला हंस कुठं उतरतात ते दाखवतात.

आता तक्रारी. डोळ्याजवळचा रबरी कप वर्षभरात ढिला झाला, चष्मेवाल्यांना तो खालीच ठेवायचा असतो म्हणून माझं भागतं, बिनचष्म्यावाल्याला वैताग येईल. दुरुस्तीचं विचारलं तर नुसता मेलवर मेल. सोबतचा पट्टा पण भंगार, पाऊण किलोच्या आतलंच वजन पण तासाभरात मान कापते, खांद्यावरून जाणारा हार्नेस वेगळा घ्यावा लागला. काचेवर काळ्या रानाची धूळ बसते ती शर्टानं पुसू नका, आधी फुंकणीनं उडवा नाहीतर कोटिंगवर ओरखडे. पाणी मात्र आत जात नाही, दव पडलेल्या गवतात ठेवली तरी आतून धुकं धरत नाही.

घाई नसेल तर ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहापर्यंत थांबा, निसर्गलेखक मारुती चितमपल्ली सरांच्या जयंतीपासून पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या जयंतीपर्यंत असतो तो, तेव्हा ठिकठिकाणी पक्षी निरीक्षणाच्या फेऱ्या निघतात, दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघून मग ठरवा. ओळखायला मोबाईलवर मर्लिन ॲप टाका, फुकट आहे, काठावर रेंज जाते म्हणून भारताचा पॅक घरीच डाउनलोड करा.

साडेतीन स्टार. ऑनलाइन मागवली तर रिटर्नची मुदत संपायच्या आत एक काम करा, चाकानं आधी डावा डोळा नीट लावा, मग उजवीकडच्या रिंगनं उजवा, आणि लांबच्या पाण्याच्या टाकीची कड बघा. एकाच्या दोन कडा दिसल्या किंवा पाच मिनिटांत डोकं दुखायला लागलं तर आतले प्रिझम हललेले आहेत, सवय होईल म्हणून ठेवून घेऊ नका, परत पाठवा.