बाळ आईकडे की शिशुगृहात? जिल्हा बाल कल्याण समितीच्या सेवेचं परीक्षण

सोळा वर्षांची पोरगी ग्रामीण रुग्णालयात बाळंत झाली, की सुट्टीच्या कागदाआधी एक प्रश्न खाटेपाशी येऊन उभा राहतो: बाळ कोण नेणार? गावाकडे उत्तरं तयारच असतात. ‘लेकरू काय लेकराले सांभाळन?’ हे एक. ‘मायपासून तोडू नका’ हे दुसरं. तिसरं हळू आवाजात येतं: अमक्याला मूलबाळ नाही, परस्पर देऊन टाका. कायद्याप्रमाणे हा विषय जातो जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे, आणि हे परीक्षण त्या सेवेचं आहे. यवतमाळचा झरी-जामणी, पांढरकवडा पट्टा, मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूर अशा ठिकाणच्या कुटुंबाला ती कशी वापरता येते आणि कुठे हात सोडते, एवढंच पाहायचं आहे.

आधी एक गैरसमज बाजूला. आई अठराच्या आतली आहे, एवढ्यावरून बाळ काढून घेता येत नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचं कलम २१ म्हणतं की अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, व्यक्ती दुसऱ्या अज्ञानाची पालक होऊ शकत नाही. पण स्वतःचं मूल याला अपवाद आहे. एकशे तीसहून जास्त वर्षांपूर्वी हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बालविवाहाची घरं असणार, तरी आज ते कुमारी मातेच्या कामी येतं. त्यामुळे समितीनं विचारायचा प्रश्न ‘तिचं वय किती’ हा नाही. ‘त्या घरात बाळ जगेल का, आणि पोरगी सुरक्षित राहील का’ हा आहे. टेबलावर कोणी नुसतं वय पुढे केलं, तर कलमाचा आकडा सांगावा.

समितीपर्यंत वाट बहुतेक वेळा दवाखान्यातूनच सुरू होते. मुलगी अठराच्या आतली असेल तर तिची संमती कायद्यात धरली जात नाही. लग्न झालेलं असलं तरीही नाही. बायकोबाबत आधी अपवाद होता, सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये तो काढला. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. तेव्हा सिस्टरशी भांडण्यात अर्थ नाही. पोलिसांनी २४ तासांत समितीला कळवायचं असतं. थेट जायचं असेल तर मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर चालतो.

इथून पुढे सेवेचा पहिला दोष दिसू लागतो. समितीपुढे एक मूल नसतं, दोन असतात: पोरगीही आणि बाळही. दोघांच्या गरजा वेगळ्या. पोरगीला शाळा, जबाब, तारखा, संरक्षण. बाळाला दूध, लस, नाव, पैसा. तरी एकच फाइल उघडते आणि बाळ त्यात पुरवणीसारखं जोडलं जातं. मग मुलींचं बालगृह ६ ते १८ वयाचं म्हणून पोरगी एका गावी, शिशुगृह ० ते ६ चं म्हणून बाळ दुसऱ्या गावी, अशी वाटणी होते. यात कोणाची दुष्टाई नसते, रकान्यांचा हिशोब असतो. पण पाजणं थांबलं की दूध आटतं, आणि अडीच किलोच्या आतलं बाळ पावडरीवर जातं. पहिल्याच दिवशी साध्या कागदावर लेखी अर्ज द्यावा: ‘आई आणि बाळ यांना एकत्र ठेवावं, दोघांची प्रकरणं स्वतंत्र नोंदवावीत.’ त्यावर पोच घ्यावी. अर्जाला नमुना लागत नाही.

सेवेला फी नाही. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला. महिन्यात निदान २० दिवस बसायचं बंधन. बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही मूल हजर करता येतं, म्हणून ‘सोमवारी या’ हे उत्तर तातडीच्या वेळी चालवून घेऊ नये. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण देतं. महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००. खरी किंमत मोजावी लागते ती अंतराची. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटर, धारणीहून अमरावती दीडशेच्या आसपास. टाके ओले असलेली बाळंतीण, मांडीवर आठ दिवसांचं लेकरू आणि लालपरीतली मागची सीट. १०२ ची गाडी दवाखान्यातून घरी सोडते, समितीपुढच्या तारखेला नेत नाही. म्हणून तारीख पडतानाच जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे वाहनाची मागणी लिहून घ्यावी.

कागदांत सगळ्यात जास्त अडकतो तो वयाचा पुरावा. शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पहिलं, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी, असा क्रम बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये आहे. आश्रमशाळा आठवीत सोडलेल्या मुलीचा दाखला तिथेच पडलेला असतो. तो आधी आणला तर क्ष-किरणाची फेरी वाचते. बाळाची जन्मनोंद २१ दिवसांत. बापाचं नाव नाही म्हणून नोंद अडवली जात असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निर्णय आहे: एकट्या आईच्या प्रतिज्ञापत्रावर दाखला द्यायचा, बापाचं नाव सांगायची सक्ती नाही.

त्यानंतर गृहभेट. सामाजिक तपासणी १५ दिवसांत आणि अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत, असं कायदा म्हणतो. या सेवेचा सगळा जीव या भेटीत आहे आणि तिचा दर्जा भेट देणाऱ्या माणसागणिक बदलतो. वाईट अहवाल असा असतो: ‘घर कच्चे, उत्पन्न मजुरी, आजी सांभाळण्यास तयार.’ तीन ओळी. कच्चं घर हा बाळाला धोका नाही. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, पिढ्या वाढल्या त्या कुडाच्या घरातच. आजी तयार आहे हेही पुरेसं नाही, कारण खरा सवाल आजीच्या कामाचा आहे. ऑक्टोबर ते जानेवारी कापूस वेचणी, मार्च-एप्रिलात मोहफूल, मे मध्ये तेंदूपत्ता. आजी सकाळी वावरात गेली की दिवसभर बाळ कोणाकडे? अंगणवाडी तीन वर्षांच्या खाली सांभाळायला घेत नाही. पोरगी शाळेत गेली आणि आजी वेचणीला, तर बाळ सात वर्षांच्या मावशीच्या कडेवर जातं. अहवालात महिन्यांचा हा हिशोब मांडलेला असेल तर तो अहवाल कामाचा.

दुसरी गोष्ट, घरात कोण राहतं. आरोपी त्याच घरातला असेल, किंवा वीस घरांच्या पोडात समोरच्या दारात असेल, तर बाळ-बाळंतीण दोघींना तिथे पाठवणं हा पर्यायच नाही, मग आजी कितीही मायाळू असो. आणि तिसरी, जी फार कमी भेटींत विचारली जाते: पोरगीला स्वतःला काय हवं आहे, आणि हे तिला आईबापांच्या पाठीमागे, एकटीला विचारलं का.

बाळ घरी द्यायचं ठरलं तर आदेशात ‘आईच्या ताब्यात’ एवढंच लिहून घेऊ नये. आजीचं, मावशीचं, जो कोणी प्रत्यक्ष सांभाळणार त्याचं नाव जबाबदार प्रौढ म्हणून यावं आणि देखरेख कोणाची, किती दिवसांनी, हेही यावं. देखरेखीच्या भेटी आशाताईच्या नवजात भेटींना जोडल्या तर नवी यंत्रणा लागत नाही: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस. (घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीतच ‘सर्च’ या संस्थेनं घडवली आणि मग देशभर गेली. दिव्याखाली अंधार नको.) प्रत्येक भेटीत वजन. दोन आठवड्यांत बाळ जन्माच्या वजनावर परत यावं, पुढे रोज साधारण २० ते ३० ग्रॅम चढावं. चढत नसेल तर दूध कमी पडतंय, की आई दिवसभर बाळापाशी नाही, ते आधी पाहायचं. शाळेत जाणारी आई दूध काढून ठेवते तेव्हा वाटी-चमचाच वापरावा, बाटली नको. काढलेलं दूध चार तास टिकतं हा आकडा २५ अंशांच्या खोलीचा आहे. चंद्रपूरच्या मे महिन्यात तो विसरावा, ताजंच पाजावं.

नको असेल तर बाळ समितीकडे सोपवता येतं, आणि या भागाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण फसगत इथेच होते. बाल न्याय कायद्याचं कलम ३५: आधी समुपदेशन, मग सरेंडर डीड (बाळ सोपवल्याचा लेखी दस्त), मग फेरविचाराला दोन महिने. लग्नाबाहेरचं मूल असेल तर सोपवण्याचा अधिकार फक्त आईचा. आई अज्ञान असेल तर सोबतचा प्रौढ सही करतो, पण साक्षीदार म्हणून. तिच्या जागी नाही. पोरीच्या बापानं सही केली म्हणून तिचा अंगठा घेतला, हा क्रम उलटा आहे. तिला ‘नाही’ म्हणता येतं, हे तिला कोरकू, गोंडी, कोलामी, जी भाषा येते तीत सांगितलं पाहिजे; मराठीत वाचून दाखवलेली दोन पानं पुरत नाहीत.

सगळ्यात घातक गैरसमज असा, की बाळ होस्टेलात ‘जमा’ केलंय, हंगाम झाला की आणू. दोन महिने डीडच्या तारखेपासून मोजतात, जन्मापासून नाही. ते संपले की समितीचे तीन सदस्य बाळ दत्तकासाठी मुक्त जाहीर करू शकतात आणि मग परतीचा रस्ता उरत नाही. डीडची प्रत मागून घ्यावी आणि शेवटची तारीख घरातल्या कॅलेंडरवर गोल करावी. सेवेचा दुसरा मोठा दोष हाच: कायद्यानं दोन महिने दिले, पण त्या दोन महिन्यांत मुलीला कोणी भेटत नाही. दूध उतरलेलं असतं, बाळ नसतं, गाव बोलत असतं, आणि विचार बदलला तर फोन कोणाला करायचा ते ठाऊक नसतं. समुपदेशन डीडच्या दिवशी एकदा करून भागत नाही. निदान पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन व्हावं. याच मुदतीत पोलिसांनी डीएनएचा नमुनाही घेऊन टाकावा. तो राहून गेला की पुढे दत्तक घरापर्यंत तपास पोचतो आणि कोणाचंच भलं होत नाही.

परस्पर देण्याबद्दल थोडक्यात. खासगी दवाखान्यातून, ओळखीतून, स्टँपपेपरवर बाळ देणं म्हणजे दत्तक नव्हे. बाल न्याय कायद्याच्याच कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. पैसे हातात पडले तर कलम ८१, पाच वर्षांपर्यंत. घेणारे चांगले लोक आहेत, यानं काही फरक पडत नाही.

पैशाची बाजू लंगडी आहे. बाल संगोपन योजनेचे २,२५० रुपये महिना अविवाहित मातेच्या मुलाला मिळू शकतात. मंजुरी समितीचीच, म्हणून ताब्याच्या आदेशाच्या दिवशीच अर्ज पुढे करावा. रक्कम दर महिन्याला पडेल असं धरून मात्र दुधाचा उधारखाता उघडू नये. गरोदर-बाळंत बायकांना पैसे देणाऱ्या मातृवंदना योजनेला वयाची अट आहे, अठराच्या आतली आई त्यात बसत नाही. ज्या आईला आहाराची सर्वांत जास्त गरज तीच बाहेर, हा तर्क अजब आहे. अंगणवाडीचा पोषण आहार आणि आदिवासी भागातलं अमृत आहाराचं गरम जेवण मिळतं. नाव नोंदवायला लाज वाटून जाणं टळतं, तेवढं आशाताईनं सांभाळावं. अत्याचार झालेल्या मुली-बायकांना मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडे.

बाळाचा बाप असलेला मुलगाही अठराच्या आतला असेल तर तो बाल न्याय मंडळापुढे जातो, समितीपुढे नाही. दोन्ही घरं बसून ‘लग्न लावून देऊ, केस मिटवू’ असं ठरवतात तेव्हा केस मिटत नाही, बालविवाहाची दुसरी केस उभी राहते; गावात ग्रामसेवकच त्याचा प्रतिबंध अधिकारी आहे. लग्न आधीच झालेलं असेल तर मूल औरस धरलं जातं आणि ताब्याचा निर्णय २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली न्यायालय देतं, बाळाचं हित पाहून. बाप कमावता असेल तर लग्न असो-नसो, बाळाची पोटगी मागता येते: पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १४४.

एकूण मत असं. घरात एक भरवशाची बाई आहे, आरोपी दूर आहे आणि पोरीला बाळ हवं आहे, अशा ठिकाणी बाळ तिच्याकडेच ठेवावं, आणि समितीचा आदेश तिथे ढालीसारखा वापरावा. नातेवाईकांची आणि दलालांची तोंडं त्यानं बंद होतात. यातलं एक जरी नसेल तर शिशुगृह वाईट नाही, आई-बाळ एकत्र ठेवणारी संस्था मिळाली तर त्याहून बरं. कायद्याच्या मजकुराला पैकीच्या पैकी, गृहभेटीला निम्मे, त्या दोन महिन्यांतल्या पाठपुराव्याला जेमतेम पास.

आदेश पटला नाही तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. आजीला पुढे कायम पालक म्हणून नाव हवं असेल तर ते समिती देत नाही, जिल्हा न्यायालयात १८९० च्या कायद्याखाली अर्ज करावा लागतो. दोन्हीकडे प्रमाणित प्रत लागते. आदेश वाचून दाखवला त्याच टेबलावर प्रतीसाठी अर्ज द्यावा, कारण नंतर तेवढ्यासाठी परत दोनशे किलोमीटर.