बुरशी, हेझ की सुटलेला बालसम: जुनी लेन्स घेताना

चोरबाजारात किंवा फोर्टात जुनी लेन्स हातात आली की ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारी ब्लेडची झडप, पूर्ण उघडा, फोकस इन्फिनिटीवर न्या आणि मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारा. वरच्या ट्यूबलाइटखाली खराब लेन्सही चकचकीतच दिसते.

काचेच्या कडेकडून आत पसरलेले बारीक, फांद्या फुटलेले तंतू म्हणजे बुरशी. एकसारखा दुधी पडदा म्हणजे हेझ, बहुतेकदा आतलं वंगण उडून काचेवर बसलेलं. दोन्ही एकाच भावात मिळत असतील तर मी हेझवाली उचलेन. लेन्स उघडून पुसली की हेझ सहसा जाते. फार जुनी असली तर काचेवर खूण राहते. बुरशीही पुसता येते, पण तिच्या आम्लाने काचेवरचं पातळ कोटिंग खाल्लं असेल तर ते परत येत नाही. कडेचा ठिपका फोटोत दिसणारही नाही. मधोमध किंवा मागच्या काचेवर असेल तर उजेडासमोर कॉन्ट्रास्ट पार घसरतो. शिवाय पावसाळ्यात मुंबईची हवा ८० टक्क्यांपुढे दमट असते, म्हणजे साफ केलेली बुरशी परत यायला मोकळं रान. सोबत मिळणारं चामड्याचं केस दुकानातच ठेवा, ओल धरतं.

चिकटवलेल्या दोन काचांमध्ये इंद्रधनुषी वलयं किंवा कडेला चमकता पट्टा दिसला तर बालसम, म्हणजे काचा चिकटवणारा डिंक, सुटलाय. दुकानदाराचं ‘साफ हो जाएगा साब’ या दोषाबद्दल ऐकू नका. तो पुसण्याचा प्रश्नच नाही. काचा सोडवून, नेमक्या जुळवून पुन्हा चिकटवाव्या लागतात. जुन्या सोव्हिएत हेलिओस ४४-२ सारख्या मुबलक लेन्ससाठी तो खर्च वेडेपणा आहे.

याउलट पेंटॅक्सची सुपर टाकुमार ५० एमएम एफ/१.४ लेन्स पिवळी दिसली तर खुशाल भाव पाडून घ्या. तिच्या अनेक प्रतींत थोरियमयुक्त काच आहे. किरणोत्सर्गाने आलेला तो पिवळेपणा लेन्स यूव्ही दिव्याखाली काही दिवस ठेवली की बराच उतरतो.

ॲपर्चरच्या ब्लेडवर तेल? हेलिओस ४४-२ चं ॲपर्चर हातानेच फिरतं, तिथे फारसं बिघडत नाही. ऑटो ॲपर्चरच्या, म्हणजे फोटो काढताना कॅमेराच ब्लेड मिटवतो अशा लेन्समध्ये मात्र एफ/१६ वर मागची पिन दाबून सोडा. ब्लेड रेंगाळले तर फिल्म कॅमेऱ्यावर फोटो जास्त उजळ येतील. ॲडॅप्टरने मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर, लेन्सचं ॲपर्चर मॅन्युअलवर ठेवून वापरणार असाल तर चालेल.

धुळीचे कण मोजत बसू नका.