जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट: सातारा-सांगलीच्या दुकानांत काय चालतं, कुठे अडतं

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सहाव्या-सातव्या पिढीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. अशा मशीनला विंडोजच्या जागी बसणारी लिनक्स मिंट २२ ही ऑपरेटिंग सिस्टिम छान चालते, अपडेट २०२९ पर्यंत मिळणार आहेत. रॅम ४ जीबी असेल तर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ८ असेल तर सिनॅमन आवृत्ती. जुनी फिरणारी हार्ड डिस्क मात्र आधी काढा आणि एसएसडी बसवा, नाहीतर मिंटही रडतखडतच चालेल.

पण मिंट टाकायची घाई नको. आधी विंडोजवरच लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं), फायरफॉक्स (ब्राउझर) आणि इंकस्केप (कोरलसारखं डिझाइनचं) टाकून महिनाभर रोजचं काम करून बघा. तिन्ही दोन्हीकडे चालतात. इथे ज्याचं अडलं, त्याचं तिथेही अडणार.

अर्ज, ठराव, नोटिसांना लिबरऑफिस पुरतं. वर्डची फाइल कॅलिब्रीत असेल तर कार्लिटो फॉन्ट येतो, अक्षरांची रुंदी तीच असल्याने ओळी हलत नाहीत. विंडोजच्या मंगल या देवनागरी फॉन्टचं तसं नाही. त्याजागी दुसरा फॉन्ट आला की पानं पुढे-मागे सरकतात, म्हणून बाहेर पाठवताना पीडीएफच करा. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूर गिचमिड दिसेल. तो फॉन्ट टाकला तर वाचता येतो, पण त्यात मराठी शब्द शोधता येत नाही.

टायपिंगसाठी कीबोर्डच्या लेआउटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कळरचना) जोडा. ‘साताऱ्याला’ लिहिताना नवखे हमखास अडकतात. ‘ऱ्या’साठी शिफ्ट धरून जे, मग डी, स्लॅश आणि ई.

कोरलड्रॉवर हात बसलेल्यांना इंकस्केप सुरुवातीला नकोसं वाटेल. त्यातून कोरलची सीडीआर फाइल निघत नाही. फ्लेक्सवाल्याला पीडीएफ द्या आणि ती करताना अक्षरं पाथमध्ये (म्हणजे नुसत्या आकारांत) बदलण्याचा पर्याय निवडा, नाहीतर त्याच्या मशीनवर फॉन्ट नसला की वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भाऊंचंच नाव बदलायचं! रंग आरजीबीत (स्क्रीनच्या रंगपद्धतीत) जातात, छापून थोडे वेगळे येतात. आधी छोटा नमुना काढून बघा.

खरी परीक्षा प्रिंटरची. एचपी लेझरजेट १०२० ला एचपीएलआयपीचं (लिनक्सवरच्या एचपी ड्रायव्हरचं) प्लगइन लागतं, ते नेटवरून उतरतं. एचपीएलआयपीची आवृत्ती बदलली की प्लगइन पुन्हा टाकावं लागतं. प्रिंटर सापडतो पण कागद ओढत नाही, याचं कारण बहुधा हेच. कॅनन एलबीपी २९०० नुसती जोडून चालत नाही, नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. म्हणून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून मिंट नुसतं चालू करा आणि इन्स्टॉल करण्याआधी वायफाय, स्कॅनर, प्रिंटर तपासा. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा (मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला मिळतं) आणि मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडा.

सिस्टिम बिघडली तर मागे नेणारं मिंटमधलं टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी लावा. मात्र ते सिस्टिम जपतं, तुमच्या फाइली नेहमीच्या सेटिंगमध्ये त्यात येत नाहीत. त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा.

मार्केट यार्डातल्या ज्या पेढ्या टॅलीवर चालतात, त्यांनी ते मशीन विंडोजवरच राहू द्यावं. टॅली विंडोजसाठीच बनलेलं आहे, वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालवून हिशेब पणाला लावू नका. बाकीच्या मशीनवर मिंट खुशाल टाका. सांगलीत अडलात तर विश्रामबागच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे, तिथे विचारा.