नेतृत्व शिबिराचा रिव्ह्यू, भटारखान्यातून

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी बोट दाखवायला नको. या शिबिराचं जेवणाचं काम आमच्या बचत गटाकडे होतं आणि माझी मोठी मुलगी, एस. वाय. बी. कॉम.ची, त्याच शिबिरात फी भरून बसली होती. म्हणजे मी पालकही आणि आचारीणही. संस्थेचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याकडून बिल घेतलं त्यांची जाहिरातही नको आणि बदनामीही नको. बाकी मीठ आम्हीच त्यांना खायला घातलंय, तेव्हा खाल्ल्या मिठाला जागायचं काम त्यांचं.

शिबिर दापोलीजवळ कर्द्याला, नारळ-सुपारीच्या वाडीतल्या एका कृषी पर्यटन केंद्रात, डिसेंबरमध्ये झालं. तीन दिवस, दोन रात्री. फी ४,५०० रुपये, तालुक्यातल्या मुलांना ३,५००. एकेचाळीस मुलं: दापोली, खेड, मंडणगड इथली बरीचशी, आणि दहाएक मुंबई-ठाण्याची, जी खेड स्टेशनला उतरून आली. विषय ‘नेतृत्व आणि व्यक्तिमत्त्व विकास’. फाईल, पेन, टोपी मिळाली. टोपी चांगली होती, माझ्या नवऱ्याने लगेच बळकावली.

पहिल्या दिवशीची सकाळ मात्र फुकट गेली. पुण्याहून आलेल्या सरांनी माईक हातात घेतला तो जेवणाची घंटा होईपर्यंत सोडला नाही. “मी लीडर आहे” हे सगळ्यांकडून उभं करून ओरडून घेतलं. वाडीतले कावळे उडाले. बोलणं अर्धं इंग्रजीत, पाव हिंदीत आणि उरलेलं मराठीत. मंडणगडची मुलं मागच्या दोन रांगांत जाऊन बसली आणि जेवणापर्यंत त्यांच्यातलं एकही तोंड उघडलं नाही. सरांनी सांगितलं की समोरच्यावर शब्दांचा परिणाम फक्त सात टक्के होतो, आवाजाचा अडतीस आणि हावभावांचा पंचावन्न. मुलीने जेवताना फोनवर शोधलं. अल्बर्ट मेहराबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या प्रयोगांतले हे आकडे. तिथे एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवून आणि चेहऱ्याचे फोटो दाखवून, बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही, एवढंच ओळखायला सांगितलं होतं. भाषणाचा, बैठकीचा तिथे काही संबंध नव्हता. आमच्या कर्जाच्या अर्जात शब्दांची किंमत सात टक्के धरली तर बँकेचा साहेब आम्हाला चहा पाजून घरी पाठवेल.

तसंच ते ‘एकवीस दिवसांत सवय’ प्रकरण. त्याची छापील डायरीच दिली आहे, एकवीस पानांची. लंडनमध्ये २००९ साली या गोष्टीचा नीट अभ्यास झाला, त्यात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवसही लागतील असा अंदाज निघाला. बाविसाव्या दिवशीही पहाटे उठायचा कंटाळा आला की पोरांना वाटणार, आपल्यातच खोट आहे. असली डायरी द्यायची तर पानं तरी जास्त घाला, कागद काही महाग नाही.

दुपारचा खेळ बरा होता. कच्च्या शेवया म्हणजे त्या स्पगेटीच्या वीस काड्या, थोडी चिकटपट्टी, थोडा दोरा, आणि एक मार्शमॅलो. अठरा मिनिटांत जमेल तेवढा उंच मनोरा बांधायचा आणि मार्शमॅलो टोकावर ठेवायचा. जवळजवळ सगळ्या गटांनी आधी पंधरा मिनिटं चर्चा केली, मग घाईने बांधलं, शेवटच्या क्षणी मार्शमॅलो ठेवला आणि मनोरा कोसळला. बालवाडीतली मुलं यात मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांना मागे टाकतात म्हणे, कारण ती पहिल्यापासून टोकावर ठेवून बघत बसतात. हे मला पटलं. लोणच्याचं पहिलं किलो घातल्याशिवाय पन्नास किलोचा विचार करायचा नाही, हे आम्हालाही कोणी शिबिरात शिकवलं नव्हतं. मार्शमॅलोवर मात्र इतक्या मुंग्या आल्या की हॉल दोनदा पुसावा लागला. पुढच्या वेळी चिक्कीचा तुकडा घ्या.

संध्याकाळी एका मॅडमनी टकमन यांचं १९६५ चं मांडणीसूत्र सांगितलं: गट आधी जमतो, मग भांडतो, मग त्याचे नियम बसतात, मग तो कामाला लागतो. नारळ खोवता खोवता मी कान देऊन ऐकत होते. आमचा गट भांडणाच्या पायरीवर दोन वर्षं अडकला होता, एका शिलाई मशीनच्या कर्जापायी. तेव्हा कोणी सांगितलं असतं की ही नेहमीची पायरी आहे, तर दोघीजणी गट सोडून गेल्या नसत्या. मॅडमनी ते दहा मिनिटांत उरकलं, कारण पुढे ‘टॅलेंट नाईट’ होती.

आता दुसरा दिवस, आणि माझ्या मते सगळी फी याच दिवसाची.

आठ जणांच्या एका गटाला चार हजार रुपये रोख दिले आणि सांगितलं, संध्याकाळी हर्णै बंदरावरून रात्रीच्या जेवणाची मासळी आणा. सदतीस माणसं मासे खाणारी, जाण्या-येण्याचा खर्च त्यातच, आणि परत आल्यावर पै-पैचा हिशेब. माझी मुलगी त्या गटात होती. गटप्रमुख म्हणून ठाण्याचा एक चुणचुणीत मुलगा निवडला गेला, आदल्या सकाळी सर्वांत मोठ्याने ओरडणारा. मी आणि आमची सचिव बरोबर गेलो, कारण मासळी शेवटी आम्हालाच रांधायची होती. पण तोंड उघडायचं नाही ही अट.

हर्णैचा लिलाव ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. समोर सुवर्णदुर्ग, पाण्यात होड्यांची दाटी, छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून मासळी वाळूवर येते, आणि ढिगाभोवती कडं करून बोली सुरू होते. कोण बोलतोय, कोणाला दिलं, हे नवख्याला कळेपर्यंत ढीग उचलला जातो. आमचे गटप्रमुख तडक सुरमईच्या ढिगाकडे गेले. दोन बोलीतच भाव त्यांच्या डोक्यावरून गेला. मग ते आत्मविश्वासाने हसले, आदल्या सकाळी शिकवलं होतं तसं. लिलाव करणाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेवढ्यात मागच्या रांगेतली मंडणगडची एक मुलगी, दिवसभर हूं की चूं न केलेली, बाजूला बसलेल्या कोळणीजवळ जाऊन उकिडवी बसली आणि म्हणाली, “मावशी, मला यातलं काही कळत नाही. सदतीस माणसं जेवायची आहेत, पैसे एवढेच आहेत. काय घेऊ?”

कोळीण म्हणाली, “मग सुरमई बघून काय करणार? बांगडा घे, पोटं भरतील. आणि थांब जरा, ती शेवटची होडी लागू दे.”

शेवटच्या होडीची बांगड्याची एक पाटी २,४०० ला मिळाली, वर ७०० ची कोळंबी. मुलीने पैसे कोणाच्या हातात द्यायचे, बर्फ कुठून घ्यायचा, साफ कोण करून देईल, सगळं त्याच मावशीला विचारून केलं. ठाण्याच्या मुलाचं मी कौतुकच करीन: तो पाच मिनिटं फुगून उभा राहिला आणि मग पाटीचं एक टोक धरायला पुढे आला. शिबिराच्या फाईलमध्ये ‘मला कळत नाही, मदत करा’ असं एकही वाक्य नव्हतं. होतं ते ‘स्वतःवर विश्वास ठेवा’. बंदरावर पहिलं चाललं, दुसरं नाही चाललं.

रात्री जेवणं झाल्यावर हिशेबाचं सत्र, बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांचं. अंगात साधा बुशशर्ट, माईक नको म्हणाले. फळ्यावर लिहीत गेले: बांगडा २,४००, कोळंबी ७००, सहा आसनी रिक्षा ५००, बर्फ ८०, साफ करणाऱ्या बाईंना २००. एकूण ३,८८०. म्हणजे १२० उरायला हवेत. हातात साठ. गटप्रमुखाने खिशातून साठ रुपये काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, “सर, सोडा ना, मी भरतो.” टाळ्या पडल्या!

काकांनी नोटा त्याला परत दिल्या. म्हणाले, खिशातून घालून जुळवलेला हिशेब हा चुकलेला हिशेबच असतो. आज तू घातलेस, उद्या दुसरा कोणी उरलेले खिशात टाकून जुळवेल, आणि वहीत दोन्ही सारखेच दिसतील. मग सगळ्यांना परत बसवून एकेक पाऊल आठवायला लावलं. वीस मिनिटांनी माझ्या मुलीला आठवलं की पाटी रस्त्यापर्यंत आणून देणाऱ्या माणसाला साठ रुपये दिले होते, लिहिले नव्हते. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि आमची सचिव माझ्याकडे बघत नव्हती. ती दर दोन-तीन महिन्यांनी पाच-दहा रुपये स्वतःचे घालून वही मिटवते, आणि आम्ही तिला गुणी म्हणतो.

त्याच बैठकीत काकांनी इतिवृत्त कसं लिहायचं तेही करून घेतलं. कोण हजर, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. आमच्या गटाला पंचसूत्री आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. अर्धी सूत्रं वहीचीच. पण पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी आयुष्यात कधी इतिवृत्त लिहिलं नव्हतं, वाणिज्य शाखेच्यासुद्धा. दीड तासाच्या या एका सत्रासाठी मी पुन्हा पैसे भरीन. दुर्दैवाने वेळापत्रकात त्याचं नाव ‘इतर’ असं होतं.

आणि मग, साडेदहाला, रडण्याचा कार्यक्रम. दिवे मालवले, मेणबत्त्या लावल्या, मंद संगीत, आणि सर खालच्या पट्टीत सुरू झाले: डोळे मिटा, आईचे भेगाळलेले हात आठवा, तिने तुमच्यासाठी किती उपास काढले. हॉलमध्ये हुंदके. आई वीस पावलांवर जळकं पातेलं घासत होती! माझी मुलगी डोळे सुजवून भटारखान्यात आली आणि गळ्यात पडली. मी म्हटलं, “हात आठवून झाले असतील तर एक पातेलं घे.” घेतलं तिने. पण दोन मुलांचे वडील अलीकडेच वारलेले होते, हे आयोजकांना माहीत नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. त्यातला एक पहाटेपर्यंत ओट्यावर बसून होता, आमच्यातल्या एकीने त्याला चहा दिला. रडवलं म्हणजे घडवलं, असं मानणाऱ्यांकडे मी पोर पाठवणार नाही, आणि ही पद्धत फक्त याच संस्थेत आहे असंही नाही.

सोयीबद्दल थोडक्यात. एकोणीस मुलींना दोन संडास, सकाळी रांग. खोल्या स्वच्छ, पाणी भरपूर. तिसऱ्या दिवशी वाळूवरचा खेळ सरांनी भरतीची वेळ न बघता ठेवला. केंद्राच्या मालकांनी धावत येऊन मुलांना वर घेतलं. किनाऱ्यावरच्या कुठल्याही शिबिराला घालताना पालकांनी आधी विचारावं: पाण्याजवळ न्याल तेव्हा गावातला माणूस बरोबर असेल का? जेवणाबद्दल मी काय बोलणार. बांगड्याचं तिखलं उरलं नाही एवढंच सांगते.

तिसऱ्या दिवशी ‘संकटातलं नेतृत्व’ शिकवताना उदाहरण परदेशी विमान कंपनीचं. समोर बसलेल्या निम्म्या मुलांनी ३ जून २०२० चं निसर्ग वादळ घरात बसून सोसलेलं. तेव्हा दापोली-मंडणगडात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. शेवटी मंडणगडच्या एका मुलाने हात वर करून सांगितलं, आमच्या वाडीत एकच जनरेटर होता, त्यावर फोन चार्ज करायची पाळी माझ्या आजीने लावली होती, आजारी माणसाचं घर पहिलं. सर “व्हेरी गुड” म्हणाले आणि पुढच्या स्लाईडवर गेले. स्लाईड बंद करून त्या मुलाला अर्धा तास बोलू द्यायला हवं होतं.

पैशाचं बोलू. आम्हाला माणशी दिवसाला ४०० मिळाले, त्यात दोन चहा, नाश्ता, दोन जेवणं. म्हणजे साडेचार हजारांतले बाराशे ताटात गेले. उरलेल्यात राहणं, फाईल-टोपी आणि वक्ते. माझ्या मुलाने आधी कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेतून सात दिवसांचं निवासी शिबिर केलं, फुकट. ही योजना १९६९ ची, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षातली. वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांत २४०. त्यांनी दत्तक गावात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरून ओढ्यावर वनराई बंधारा घातला. कुठे घालायचा यावरून गावातल्या दोन भावक्यांत वाद, तो मिटवायला प्राध्यापक गेले नाहीत, मुलांना पाठवलं. टोपी नव्हती, पण फेब्रुवारीपर्यंत पाणी होतं. ज्यांच्या कॉलेजात ही योजना नीट चालते, त्यांनी आधी तिथे नाव घालावं. जिथे ती कागदावरच आहे, तिथल्या मुलांसाठी या शिबिराचा दुसरा दिवस मोलाचा आहे, पण त्यासाठी पहिला आणि तिसराही विकत घ्यावा लागतो.

मी पाचपैकी तीन देते. दोन बंदराचे, एक काकांचा.

निघताना आयोजकांना हे सगळं तोंडावर सांगितलं. पुढच्या तुकडीत हर्णैला सगळ्या गटांना पाळीपाळीने नेऊ म्हणाले, मेणबत्त्यांबद्दल मात्र “मुलांना खूप आवडतं” असं म्हणाले. धाकट्याला घालायचं की नाही ते मेणबत्त्यांचं काय ठरतं त्यावर बघू. जेवणाचं काम आम्ही घेणार. पैसे चौथ्या दिवशी खात्यावर आले होते, पूर्ण.