डीएनआरवर सही की शेवटपर्यंत सगळे प्रयत्न?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एक वहिनी पेचात आहेत. सासऱ्यांचा कर्करोग हाडांत पसरलाय, डॉक्टर सहीचं विचारतायत आणि नणंद म्हणते, "म्हणजे नानांना सोडूनच द्यायचं?"

तसं नाही. डीएनआर म्हणजे हृदय किंवा श्वास थांबल्यास सीपीआर (छाती जोरात दाबून, श्वास देऊन हृदय पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न) करायचा नाही, इतकंच. सलाईन, अँटिबायोटिक, वेदनाशामक चालूच राहतात.

शरीराचं म्हणाल, तर सीपीआरमध्ये वयस्कांच्या बरगड्या बऱ्याचदा मोडतात. हृदय पुन्हा सुरू झालं तरी पुढे बहुधा व्हेंटिलेटर, आणि मूळ आजार तिथेच. सहीने हे टळतं. हृदय थांबल्यावर वाचण्याची उरलीसुरली शक्यताही जाते, हेही खरं. आयसीयूचं बिल रोज वाढतं, पण नुसत्या पैशांवरून ठरवलं की घरात धुसफूस उरते.

मत बदललं तर सही मागे घेता येते. लावलेला व्हेंटिलेटर काढायला मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या, २०२३ मध्ये सोप्या केलेल्या नियमांप्रमाणे दोन वैद्यकीय मंडळांची (डॉक्टरांच्या समित्यांची) संमती लागते.

नाना शुद्धीत असतील तर आधी त्यांनाच विचारा, नणंदेला नंतर. आजार बरा होण्याजोगा असेल तर सगळे प्रयत्न करावेत. शेवटचा टप्पा असेल आणि त्यांना यातना नको असतील, तर सही.