रोमला जाताय तर पालाझ्झो आल्तेंप्ससाठी दोन तास काढाच

टूरवाल्याच्या यादीत हे म्युझियम नव्हतंच, शेवटच्या दिवशी दुपार मोकळी मिळाली म्हणून आम्ही दोघी पियाझ्झा नावोनाहून चालत गेलो, अगदी जवळ आहे, आणि खरं सांगते अख्ख्या ट्रिपमध्ये मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. गर्दी नव्हती, मूर्तीभोवती हवं तितकं फिरून बघता आलं.

मी अडकले ती लुदोविसी अॅफ्रोडाइटीपाशी, म्हणजे ग्रीकांच्या प्रेमदेवतेच्या मूर्तीपाशी. मूळ मूर्ती ग्रीक शिल्पकार प्रॅक्सिटेलीसची, इ.स.पू. चौथ्या शतकातली, ती आता नाही, ही तिची रोमन काळातली संगमरवरी प्रत. पण हिच्यातही रोमन काय तर धड आणि मांड्या, बस! डोकं, हात, पाय, बाजूचं वस्त्र सगळं इप्पोलितो बुझी या इटालियन शिल्पकाराने १७व्या शतकात नवं घडवून जोडलंय. म्हणजे इतका वेळ ज्या चेहऱ्याकडे बघत होते तो प्राचीन नाहीच, हे कळल्यावर मला आधी फसल्यासारखंच झालं. पण इथे काही लपवलेलं नाही, पाटीवर चित्र काढून जुनं कुठलं आणि मागाहून लावलेलं कुठलं ते स्पष्ट दाखवलंय, हे मला फार म्हणजे फार आवडलं. मग मानेपाशी, दंडापाशी सांधे शोधत बसले.

ही मूर्ती कार्डिनल (कॅथलिक चर्चमधला बडा धर्मगुरू) लुदोविको लुदोविसीच्या संग्रहातली. त्या काळच्या हौशी लोकांना तुटकी मूर्ती चालायचीच नाही. आपल्याकडे खंडित मूर्ती देव्हाऱ्यात ठेवत नाहीत, विसर्जन करतात, यांनी देवीला नवं डोकं दिलं. इथल्याच आरेसच्या, म्हणजे ग्रीक युद्धदेवाच्या मूर्तीची डागडुजी तर १६२२ मध्ये खुद्द बर्निनीने, त्या काळच्या नामांकित शिल्पकाराने केलीय. पुढे लोकांची नजर बदलली, अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या शिल्पांची डागडुजी करायला शिल्पकार कानोव्हाने साफ नकार दिला. आजच्या नियमात बुझीचं काम बसणार नाही, पण ते आता काढून टाकावं असं मला अजिबात वाटत नाही, ४०० वर्षं तोच तिचा चेहरा आहे.

सोमवारी बंद असतं. नॅशनल रोमन म्युझियमच्या बाकीच्या जागांसोबत एकत्र तिकीट मिळतं, तेच घ्या.

आणि अॅफ्रोडाइटीच्या मागच्या बाजूला नक्की जा. मूळ मूर्ती चहूबाजूंनी बघता यावी म्हणून तिचं देऊळ सगळीकडून उघडं होतं असं प्राचीन रोमन लेखक प्लिनीने लिहिलंय, आणि हिची पाठ अजून जुनीच आहे, रोमन हातांची.